पट्टकदंब : आगमन आणि शिकारीचा हंगाम

हिवाळ्यासाठी मध्य आशियातून भारतात उतरणारा रानटी हंस. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन आडव्या काळ्या पट्ट्या असतात, त्यांवरून हे नाव पडले. अंग फिकट राखाडी, चोच व पाय पिवळसर नारिंगी, वजन दोन ते तीन किलो. मराठीत याला राजहंसही म्हणतात. चित्रांतला पांढराशुभ्र राजहंस मात्र निराळा.

मंगोलिया, तिबेट, किर्गिझस्तान आणि लडाखमधील त्सो मोरिरी, त्सो कार या सरोवरांकाठी त्याची वीण होते. थंडीची चाहूल लागली की थवे हिमालय ओलांडतात. ‘एव्हरेस्टवरून उडणारा पक्षी’ ही ख्याती जरा फुगवलेली आहे. पाठीवर यंत्रे बसवून केलेल्या अभ्यासांत कमाल उंची सुमारे 7,290 मीटर भरली, आणि बहुतेक प्रवास त्याहून बराच खालून, डोंगरांच्या चढउताराला धरून होतो. तरीही तिथली हवा फार विरळ असते. त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजन अधिक घट्ट पकडते, आणि घाट चढायला तो रात्र किंवा पहाट निवडतो, कारण थंड हवा दाट असते. ‘मेघदूता’तले राजहंस पहिल्या मेघासोबत मानसाकडे निघतात, पट्टकदंब मार्च-एप्रिलातच गेलेला असतो, म्हणजे कवीचा मेघ काही महिने उशिरा पोचला.

महाराष्ट्रात तो नांदूर मध्यमेश्वर, जायकवाडीचा नाथसागर आणि उजनीच्या फुगवट्यावर दिसतो. दिवसा थवा उथळ पाण्याकाठी पाय पोटाशी घेऊन विसावतो, पण दोन-चार माना कायम ताठ असतात. माणूस टप्प्यात येण्याआधीच त्या माना हलतात, नाकातून काढल्यासारखा आवाज येतो आणि सगळा थवा उठतो. अंधार पडल्यावर तो हरभऱ्यात, गव्हात उतरतो. सकाळी शेतकऱ्याला दिसतात ते खुडलेले शेंडे आणि विष्ठा.

शिकाऱ्याला याच सावधपणाचे आकर्षण होते. पहाटेआधी आडोशाला दबा धरायचा आणि शेतातून पाण्याकडे परतणारा थवा डोक्यावर आला की बार काढायचा, ही रीत. 1912 च्या कायद्याने प्रांतिक सरकारांना शिकारबंदीचा काळ ठरवता येत असे. पाहुणे पाणपक्षी येत ते हिवाळ्यात, म्हणून खरा मोसमही तोच. संस्थानांत त्याचा सोहळा होई. भरतपूरला केवलादेवच्या दलदलीत 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात 4,273 पक्षी पडले. बहुतेक बदकेच. हा आकडा तिथल्या दगडी फलकावर अजून वाचता येतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही परवान्याची तरतूद कागदावर उरली होती. 1991 च्या दुरुस्तीने तीही काढली.

चोरटी शिकार मात्र संपलेली नाही. रोगाचा फटका त्याहून मोठा: जानेवारी 2021 मध्ये हिमाचलातील पोंग जलाशयावर बर्ड फ्लूने हजारो पक्षी मेले, त्यांत पट्टकदंब सर्वाधिक. मंगोलियात मानेला रंगीत पट्टा बांधलेले काही पक्षी कर्नाटकातील मागडी तलावावर आढळले आहेत. पट्ट्यावरचा क्रमांक दुर्बिणीतून वाचण्यासाठीही निरीक्षक पहाटेच आडोशाला बसतात.