जागेचा मालक आणि कामाचा मालक

बांधकामावर कुणी ‘मालक आले’ म्हणालं की कोणते, ते मान वर करून बघावं लागतं. ज्याची जागा तो मालक, आणि ज्याच्याकडून मजुरी मिळते तोही मालक. एरवी चालून जातं. गवंडी परांचीवरून पडला की मात्र हे दोघे वेगळे करावेच लागतात, कारण कायदा दोघांना वेगवेगळे प्रश्न विचारतो.

कामाच्या मालकाला विचारायचं ते थोडकंच: माणूस तुझ्या कामावर होता का, आणि इजा त्या कामातून झाली का? चूक कुणाची, हे इथे सहसा निघतच नाही. पूर्वी निघायचं. सोबतच्या कामगाराच्या चुकीने इजा झाली तर मालक जबाबदार नाही, असा पायंडा इंग्लंडच्या न्यायालयाने 1837 मध्ये पाडला आणि जखमी मजुराच्या हाती बहुतेकदा काही पडेना. मग जर्मनीत 1884 मध्ये अपघात विमा आला, ब्रिटनमध्ये 1897 मध्ये भरपाईचा कायदा झाला, भारतात 1923 मध्ये. भारतातला हिशेब ठरलेला आहे. मृत्यू झाला तर मासिक वेतनाच्या 50 टक्क्यांना वयानुसार दिलेल्या आकड्याने गुणायचं. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 60 टक्क्यांना. वेतन किती धरायचं याची मर्यादा सरकार ठरवतं. ‘तो प्यायला होता’ ही सबब बाकी इजांना लागू पडू शकते, या दोन प्रसंगी नाही. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही चौकट हीच आहे.

जागेच्या मालकाचं प्रकरण वेगळं. सातबारा किंवा खरेदीखत त्याच्या नावावर आहे, एवढ्याने तो सहसा अडकत नाही. तुला काय माहीत होतं आणि तुझ्या हातात काय होतं, हे बघितलं जातं. समजा, भिंत फोडताना मजुराची छिन्नी चालू वायरला लागली. वायर तिथून गेली आहे हे जागामालकाला ठाऊक होतं आणि तो बोलला नाही, तर निष्काळजीपणाचा दावा त्याच्यावर येऊ शकतो. पण परांचीच्या बल्ल्या ढिल्या बांधल्या म्हणून कुणी पडला, तर बोट आधी ठेकेदाराकडे जातं. इंग्लंडचा 1957 चा कायदा हे उघडच म्हणतो: कारागिराला आपल्या धंद्यातले नेहमीचे धोके कळतात, असं जागा ताब्यात असणाऱ्याने धरून चालावं.

खरी गंमत पुढे आहे. जागेचा मालक नकळत कामाचा मालक होऊन बसतो. ठेकेदार न नेमता रोजंदारीवर माणसं लावली, संध्याकाळी मजुरी स्वतः मोजली, ‘स्लॅबचे टेकू आजच काढा’ असं स्वतः फर्मावलं, की मग ‘मी फक्त जागामालक’ हे म्हणणं टिकणं कठीण. भारतात आणखी एक वाट आहे. स्वतःच्या धंद्याचंच काम ठेकेदाराला दिलं असेल, जसं बिल्डर देतो, तर ठेकेदाराच्या मजुराची भरपाई त्याच्याकडेही मागता येते. मग त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करावी. राहण्यासाठी घर बांधणारा माणूस सहसा या तरतुदीत येत नाही, कारण घर बांधणं हा त्याचा धंदा नाही.

न्यूयॉर्क राज्याचा कायदा या सगळ्याला अपवाद. तिथे उंचीवरून पडण्याच्या अपघातात शिडी-परांची पुरेशी सुरक्षित नसेल, तर देखरेख नसतानाही जागामालक जबाबदार धरला जातो. एक-दोन कुटुंबांच्या घराचा मालक तेवढा सुटतो, तेही त्याने काम कसं करायचं ते सांगितलं नसेल तरच.

करारात ‘अपघाताची सर्व जबाबदारी ठेकेदाराची’ अशी ओळ टाकून जागामालक निश्चिंत होतात. पैसे भरावे लागलेच तर ते ठेकेदाराकडून मागायला ती ओळ उपयोगी पडते. मजुराला ती अडवत नाही. त्या कागदावर त्याची सही नसते.