साडी उजेडात नेऊन बघ, असं आजी का म्हणायची

येवल्यातल्या एका पैठणीच्या दुकानाचं लायटिंग मी गेल्या दिवाळीआधी केलं. फॉल्स सीलिंगमध्ये चोवीस पॅनल, सगळी 6500 केल्विनची पांढरीफटक (केल्विन म्हणजे उजेड पिवळसर की निळसर-पांढरा याचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर). मालक म्हणाले होते लखलखाट पाहिजे, मी दिला. महिन्याभरात फोन आला, "अहो, डाळिंबी साडी इथं चॉकलेटी दिसतेय, बायका साडी घेऊन दारात जातात, उन्हात धरतात आणि म्हणतात अगंबाई ही तर वेगळीच आहे."

मला आधी वाटलं व्होल्टेजची भानगड असेल, मल्टिमीटर घेऊन गेलो तर सगळं ओके. सोळा वर्षं वायरमन म्हणून काम करतोय, लोड काढता येतो, अर्थिंग कळतं, पण उजेड हा विषय म्हणून कधी शिकलोच नव्हतो. आपल्याकडे लायटिंग म्हणजे पॉइंट किती आणि वॅट किती, विषय संपला. तेव्हापासून रात्री जेवण झालं की मोबाइलवर हेच वाचत बसतो.

पहिला गैरसमज वॅटचा. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो ते, उजेड किती देतो ते लुमेन. जुना 60 वॅटचा पिवळा बल्ब साधारण सातशे लुमेन द्यायचा, तेवढा उजेड आता आठ-नऊ वॅटचा एलईडी देतो. आणि एक चौरस मीटर जागेवर किती लुमेन पडले ते लक्स. छोट्या दिव्यापासून अंतर दुप्पट केलं की लक्स चौथाई होतो, म्हणून उंच स्लॅबला लावलेला बल्ब टेबलावर मिणमिणता वाटतो. एवढं पुरे, खरी मजा रंगात आहे.

साडीला स्वतःचा उजेड नसतो. डाळिंबी साडी तिच्यावर पडलेल्या उजेडातला निळा-हिरवा भाग गिळते आणि लाल परत फेकते. पण दिव्यातच लाल कमी असेल तर ती बिचारी फेकणार काय? जुन्या बल्बमध्ये तार तापून उजेड यायचा, त्यात जांभळ्यापासून लालपर्यंत सलग सगळे रंग आणि लाल तर भरपूर. एलईडीचं तसं नाही. आतली चिप फक्त निळा उजेड देते, साधारण 450 नॅनोमीटरचा, म्हणजे उजेडाच्या लहरीची लांबी तेवढी, रंग तिच्यावरूनच ठरतो (हा निळा एलईडी जमवायला इतकं अवघड होतं की 2014 चं फिजिक्सचं नोबेल त्यालाच मिळालं). चिपवर पिवळी पावडर असते, दिवा बंद असताना जो पिवळा ठिपका दिसतो ना तीच, तिला फॉस्फर म्हणतात. थोडा निळा तसाच बाहेर येतो, बाकीच्याचा पावडर पिवळा करते, आणि निळा अधिक पिवळा मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. पण या साध्या पावडरचा जोर 550 च्या आसपास असतो, 620 च्या पुढे, म्हणजे लालात, तो उतरत जातो.

मग कंपन्या लाल देणारी पावडर जास्त का घालत नाहीत? इथं मी तीन रात्री अडकलो होतो. उत्तर लुमेनच्या व्याख्येतच आहे. आपला डोळा हिरवट-पिवळ्याला सगळ्यात जास्त दाद देतो. सीआयई नावाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं 1924 मध्ये त्याचा ग्राफ ठरवला आणि लुमेन त्याच ग्राफनं मोजतात. 555 नॅनोमीटरचा एक वॅट उजेड (इथं वॅट खाल्लेल्या विजेचा नाही, बाहेर पडलेल्या उजेडाचा) म्हणजे 683 लुमेन, आणि 650 चा गडद लाल एक वॅट म्हणजे फक्त 73. वीज खर्च होते ती होतेच, पण लाल उजेड लुमेनच्या हिशेबात जवळजवळ धरतच नाहीत. म्हणजे लाल कापला की खोक्यावरचा लुमेनचा आकडा वाढतो, गिऱ्हाईक खूश, आणि आमची डाळिंबी पैठणी चॉकलेटी.

यावर एक मार्क असतो, सीआरआय, शंभरपैकी. रंग किती खरे दिसतात त्याचा. पण त्यातही गोम आहे. हा मार्क आठ फिकट रंगांची सरासरी असतो, गडद लाल हा नववा नमुना, आर-नाइन, सरासरीत धरतच नाहीत. त्यामुळे 80 सीआरआयचा दिवा लालात शून्याच्या जवळपास असू शकतो, म्हणजे बाकी विषयांत पास आणि गणितात भोपळा. पैठणी, कुंकू, टोमॅटो, माणसाची कातडी, सगळ्याला हा नववा लागतो.

घरी बघायचं असेल तर जुनी सीडी काढा आणि तिरकी धरून तिच्यात दिव्याचं प्रतिबिंब बघा. पिवळ्या बल्बचा सलग पट्टा दिसेल, एलईडीत निळ्यानंतर अंधारी फट दिसेल आणि मग हिरवं-पिवळं. आजीकडं सीडी नव्हती म्हणून ती दारात जायची, सूर्याच्या पट्ट्यात सगळं असतं.

तसं रंगीत दिव्यांचं खूळ वेगळंच आहे. मध्ये एका घरी वास्तुवाल्याच्या सांगण्यावरून आग्नेयेला लाल आणि उत्तरेला निळा दिवा लावून आलो. पैसे मिळाले, नाही म्हणत नाही, पण बरकत येते म्हणून स्वयंपाकघरात लाल दिव्याखाली मेथी निवडणाऱ्या त्या वहिनींना पानांचा खरा रंगच कळेना, तो खर्च कोणी धरायचा?

दुकानात शेवटी गादीवरची फक्त आठ पॅनल बदलली. 90 च्या वर सीआरआय, आर-नाइन 50 च्या पुढे आणि 4000 केल्विन. लुमेन थोडे कमी झाले, मालक दोन दिवस कुरकुरले, तिसऱ्या दिवशी एक बाई दारात न जाताच साडी घेऊन गेली. काढलेल्यातलं एक पॅनल आमच्या बाथरूमला लावलंय. सकाळी आरशात घरातले सगळेच आजारी दिसतात.