यूरोपीय संघाचा कायदा आणि राष्ट्रीय करारकायदा

यूरोपीय संघाच्या सदस्य-राष्ट्रांतील करारकायदा हा मूलतः राष्ट्रीय कायदाच आहे. करार केव्हा पूर्ण होतो, फसवणुकीने वा गैरसमजाने दिलेल्या संमतीचे काय होते, नुकसानभरपाई कशी मोजावी, या प्रश्नांची उत्तरे जर्मनीत १ जानेवारी १९०० पासून अंमलात असलेल्या नागरी संहितेत, फ्रान्समध्ये १८०४ च्या संहितेतील २०१६ साली नव्याने मांडलेल्या प्रकरणांत आणि आयर्लंडमध्ये मुख्यतः न्यायालयीन निवाड्यांत शोधावी लागतात. संपूर्ण करारकायदा रचण्याचा अधिकार संघाच्या मूळ तहांनी त्याला दिलेला नाही. जे काही करता येते ते बहुतांशी अंतर्गत बाजारपेठेच्या उभारणीसाठी राष्ट्रीय नियम जुळवून घेण्याच्या अधिकाराखाली (संघाच्या कार्यपद्धतीविषयक तहाचे सध्याचे कलम ११४). या कलमातून बाजारपेठेचे सर्वसाधारण नियमन करण्याचा अधिकार मिळत नाही, असे लक्झेंबर्ग येथील यूरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २००० मध्ये तंबाखूच्या जाहिरातींविषयीच्या निकालात बजावले.

राष्ट्रीय कायद्यांखाली एखादा समान यूरोपीय पाया आहे काय, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. राइनहार्ट त्सिमरमान यांच्या मते मध्ययुगापासून साधारणतः अठराव्या शतकापर्यंत विद्यापीठांतून शिकवला जाणारा रोमन व चर्चचा मिश्र कायदा हा असा पाया होता आणि राष्ट्रीय संहितांनी तो झाकला तरी नाहीसा केला नाही. पिएर लग्रां यांनी १९९६ मध्ये याच्या नेमकी उलट भूमिका घेतली : नियम सारखे दिसले तरी इंग्लिश आणि खंडीय (यूरोपच्या मुख्य भूमीवरील) न्यायविदांची विचार करण्याची रीतच निराळी असल्याने या पद्धती जवळ येत नाहीत. गुंटर टॉयब्नर यांचे १९९८ मधील प्रतिपादन या दोहोंहून अधिक पटण्याजोगे आहे. त्यांच्या मते बाहेरून आलेली संकल्पना नव्या कायद्यात सरळ रुजत नाही, तर त्याला डिवचते आणि त्यातून दोन्हीकडे नसलेले काहीतरी तिसरेच घडते. ग्राहक करारांतील अन्याय्य अटींविषयीच्या संघाच्या १९९३ च्या निर्देशातील ‘सद्भाव’ ही कसोटी इंग्लंडमध्ये आली, तेव्हा २००१ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेथील त्या वेळच्या सर्वोच्च न्यायालयाने) तिचा अर्थ खुला व रास्त व्यवहार असा लावला. जर्मन न्यायालयांनी त्याच तत्त्वावर उभारलेल्या विस्तृत निर्णयपरंपरेशी या अर्थाचे साम्य मर्यादितच आहे.

संघाचे मुख्य साधन म्हणजे निर्देश. तो साध्य ठरवून देतो. साधन राष्ट्राने निवडायचे असते. दारोदार विक्री (१९८५), ग्राहक करारांतील अन्याय्य अटी (१९९३), ग्राहकोपयोगी वस्तूंची विक्री (१९९९), ग्राहक हक्क (२०११) यांविषयीचे निर्देश विशेष महत्त्वाचे ठरले. निर्देश वेळेत राष्ट्रीय कायद्यात उतरवला नाही तर काय, हा प्रश्न मिलानच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकाजवळ विकल्या गेलेल्या इंग्रजीच्या पत्रद्वारा अभ्यासक्रमावरून उभा राहिला. खरेदीदार महिलेला करारातून माघार घ्यायची होती, पण इटलीने १९८५ चा निर्देश तोवर अंमलात आणला नव्हता. निर्देश एका खाजगी व्यक्तीविरुद्ध दुसऱ्या खाजगी व्यक्तीला थेट वापरता येत नाही, असे यूरोपीय न्यायालयाने १९९४ मध्ये ठरवले. मात्र राष्ट्रीय कायद्याचा अर्थ शक्य तितका निर्देशाला धरून लावणे न्यायाधीशावर बंधनकारक आहे आणि तेही न जमल्यास कसूर करणाऱ्या राज्याकडे भरपाई मागता येते.

‘शक्य तितका’ म्हणजे किती, हे क्वेले खटल्यात दिसते. जर्मनीत २००२ साली क्वेले या टपालविक्री कंपनीकडून घेतलेल्या स्वयंपाकाच्या शेगडी-संचातील भट्टीच्या आतला मुलामा २००४ मध्ये सुटल्याचे आढळले. दुरुस्ती शक्य नसल्याने कंपनीने संच बदलून दिला, पण पहिला संच वापरल्याबद्दल सुमारे ७० यूरो वसूल केले. नागरी संहितेच्या शब्दांनुसार कंपनीची बाजू बिनतोड होती. यूरोपीय न्यायालयाने एप्रिल २००८ मध्ये अशी आकारणी १९९९ च्या निर्देशाविरुद्ध ठरवली. त्यानंतर जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संहितेच्या कलमाची व्याप्ती अशी आखडून टाकली, की ग्राहकांच्या खरेदीला ते लागू होऊ नये. शब्दांना डावलून केलेली ही दुरुस्ती अर्थ लावणे म्हणावी की कायदा करणे, यावर तेथे पुष्कळ लिहिले गेले. संसदेने मात्र डिसेंबरातच संहितेत बदल करून प्रश्न मिटवला.

याहून खोल परिणाम दिवाणी प्रक्रियेवर झाला. स्पेनमध्ये हप्त्यांवर विश्वकोश विकणाऱ्या प्रकाशकांनी थकबाकीचे दावे बार्सिलोनात चालतील अशी अट घातली होती. खरेदीदारांपैकी कोणीही तेथे राहत नव्हते. (विश्वकोशांच्या लौकिकात या खटल्याने भर पडली असे म्हणवत नाही.) अशी अट अन्याय्य आहे काय, हे न्यायाधीशाला कोणी न मागताही तपासता येते, असे यूरोपीय न्यायालयाने जून २००० मध्ये ठरवले; पुढे हंगेरीतील पॅनॉन खटल्यात (२००९) ते त्याचे कर्तव्यच असल्याचे स्पष्ट झाले. अन्याय्य अट न्यायालयाने सौम्य करून ठेवू नये, ती वगळावी, असे २०१२ मध्ये म्हटले गेले. गृहकर्जावरील व्याज ठरावीक दराखाली न येऊ देणाऱ्या अटींबाबत स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने परतावा ९ मे २०१३ नंतरच्या रकमांपुरता मर्यादित केला होता. ती मर्यादाही यूरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये अमान्य केली.

यूरोपीय संसदेने १९८९ पासून समान खाजगी कायद्याच्या संहितेची मागणी केली होती. डेन्मार्कचे ओले लांडो यांच्या आयोगाने करारकायद्याची तत्त्वे संकलित केली, २००९ मध्ये विस्तृत मसुदाही निघाला. पण २०११ चा ऐच्छिक समान विक्रीकायद्याचा प्रस्ताव अखेर मागे घ्यावा लागला. त्याऐवजी २०१९ मध्ये डिजिटल सामग्री आणि वस्तुविक्री यांवर दोन निर्देश निघाले व ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. बहुतेक बाबतींत त्यांपासून राष्ट्रांना इकडे वा तिकडे ढळता येत नाही. तथापि करार होणे, त्याची वैधता आणि नुकसानभरपाईचा हक्क हे विषय त्यांनी राष्ट्रीय कायद्याकडेच ठेवले आहेत.

कोणत्या देशाचा कायदा लागू करायचा हे मात्र १७ डिसेंबर २००९ पासूनच्या करारांबाबत ‘रोम-१’ या विनियमाने (राष्ट्रीय कायद्यात न उतरवताच लागू होणाऱ्या संघाच्या कायद्याने) थेट ठरते. डेन्मार्क त्यात सहभागी नाही. पक्षांना कायदा निवडण्याची मुभा असली, तरी ग्राहकाला त्याच्या वास्तव्याच्या देशातील अनिवार्य संरक्षणापासून वंचित करता येत नाही. व्यापाऱ्यांमधील करारांबाबत संघाचे नियम तुरळक आहेत. व्यापारी प्रतिनिधींविषयीचा १९८६ चा निर्देश हा त्यांतील ठळक अपवाद. कॅलिफोर्नियातील कंपनीने ब्रिटनमधील आपल्या प्रतिनिधीशी केलेल्या करारात कॅलिफोर्नियाचा कायदा नमूद केला असतानाही, करार संपल्यावर मिळणारी या निर्देशातील भरपाई टाळता येणार नाही, असे न्यायालयाने इंगमार खटल्यात २००० साली ठरवले.