जुनी चित्रफीत ब्लू-रेवर कशासाठी?

जुन्या मैफलींचे चित्रण ब्लू-रे तबकडीवर नव्याने बाजारात आले की एक तक्रार हमखास ऐकू येते: चित्र जर डीव्हीडीइतकेच धूसर असेल, तर दुप्पट पैसे मोजायचे कशाचे? २०१३ च्या सुमारास ब्रिटनमधील ईगल रॉक या कंपनीने अशा तबकड्यांची मालिकाच काढली आणि तिला ‘एसडी ब्लू-रे’ असे उघड नाव दिले. चित्र जुन्या दूरचित्रवाणीच्या म्हणजे स्टॅण्डर्ड डेफिनिशनच्या दर्जाचे, केवळ आकाराने वाढवलेले, आणि आवाज मात्र काहीही न गाळता दिलेला, असा तो व्यवहार होता. त्याला फसवणूक म्हणणाऱ्यांनी तबकडीच्या पोटातले गणित एकदा पाहायला हवे.

चित्राबाबतची तक्रार खरी आहे, हे आधी मान्य करू. युरोपातील आणि भारतातीलही ‘पाल’ या जुन्या दूरचित्रवाणी पद्धतीचे डिजिटल चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदूंचे असते. पूर्ण हाय डेफिनिशन चित्रात २०,७३,६०० बिंदू असतात. हे प्रमाण बरोबर पाचपट आहे. याचा अर्थ, जुने चित्र मोठे करताना पाचांपैकी चार बिंदू आजूबाजूच्या बिंदूंवरून अंदाजाने भरावे लागतात. गणिती पद्धत कितीही हुशार असली, तरी कॅमेऱ्याने जे टिपलेच नाही ते तिला परत आणता येत नाही. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवरचे १९५० च्या दशकातील चित्रण आज नव्याने स्कॅन करून लखलखीत दिसू शकते आणि १९९० च्या दशकातील व्हिडिओ टेपवरचे मात्र दिसत नाही, याचे कारण हेच आहे.

आवाजाचे तसे नाही. मोठ्या मैफलींचे ध्वनिमुद्रण पुष्कळदा चित्रणापासून वेगळे होत असे. बाहेर उभ्या असलेल्या ध्वनिमुद्रणाच्या गाडीत दोन इंच रुंदीची चोवीस ट्रॅकची फीत सेकंदाला ३८ किंवा ७६ सेंटीमीटर वेगाने फिरत असे आणि प्रत्येक वाद्याला, प्रत्येक गळ्याला आपापला ट्रॅक मिळत असे. स्वित्झर्लंडमधील माँत्रो जॅझ महोत्सवाने तर १९६७ पासूनच्या आपल्या मुद्रणांचा संग्रह इतक्या निगुतीने सांभाळला, की २०१३ मध्ये युनेस्कोने तो ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ नोंदवहीत घेतला. चित्राची मर्यादा टेपवरच कायमची ठरून गेली होती, पण आवाजाची मर्यादा पुढे डीव्हीडीने आणली.

१९९६ मध्ये आलेल्या डीव्हीडीवर चित्र, आवाज आणि उपशीर्षके मिळून सेकंदाला जास्तीत जास्त १०.०८ मेगाबिट माहिती वाचता येते. आता सहा वाहिन्यांचा सभोवती ध्वनी घ्या. प्रत्येक वाहिनीचे सेकंदाला ४८,००० नमुने, म्हणजे आवाजाच्या क्षणोक्षणीच्या पातळीची मोजमापे, आणि प्रत्येक नमुना २४ बिटांचा धरला, तर गुणाकार ६.९ मेगाबिटांवर जातो. डीव्हीडीच्या नियमांत अशा कच्च्या ध्वनीला ६.१४४ मेगाबिटांचीच परवानगी असल्याने तो बसतच नाही. आणि बसला असता, तरी चित्रासाठी जेमतेम तीन मेगाबिट उरले असते. म्हणून डीव्हीडीवर सर्रास डॉल्बी डिजिटल पद्धत वापरली गेली, जिचा वेग तेथे ४४८ किलोबिटांपर्यंत असतो. म्हणजे मूळ माहितीचा साधारण पंधरावा हिस्सा तबकडीवर येतो आणि बाकीची टाकून दिली जाते.

एवढे टाकूनही गाणे ओळखीचे राहते, याचे श्रेय आपल्या कानाच्या एका दुबळेपणाला आहे. मोठ्या आवाजाच्या आड, त्याच्या जवळच्या पट्टीतला बारीक आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. या आच्छादनाचा फायदा घेण्यासाठी डॉल्बी डिजिटलमध्ये ध्वनीचे ५१२ नमुन्यांचे तुकडे करतात, प्रत्येक तुकड्यात कोणत्या कंप्रता, म्हणजे उंच-खालच्या पट्टीचे स्वर, किती प्रमाणात आहेत ते काढतात आणि त्या आकड्यांची अचूकता कमी करतात. अचूकता कमी केली की खरखर निर्माण होते, पण ती मोठ्या स्वरांच्या आड दडेल अशी वाटून दिली जाते. सतारीच्या तारेचा लांबत जाणारा नाद किंवा तानपुऱ्याची आस असेल, तर ही युक्ती उत्तम चालते.

घोटाळा होतो तो आघाताच्या क्षणी. ५१२ नमुने म्हणजे सुमारे १०.७ मिलिसेकंद. समजा, या तुकड्याचा बहुतेक भाग शांत आहे आणि आठव्या मिलिसेकंदाला तबल्याच्या चाटेवर कडक ‘ना’ वाजला. आपण अचूकता कमी केली ती कंप्रतांच्या आकड्यांची, आणि प्रत्येक कंप्रता तर संपूर्ण तुकडाभर पसरलेली असते. त्यामुळे खरखरही, ओल्या कागदावर शाईचा थेंब पसरावा तशी, तुकड्याच्या दोन्ही टोकांपर्यंत पसरते. बोलानंतरची खरखर कानाला जाणवत नाही, कारण मोठ्या आवाजानंतर शंभर-दीडशे मिलिसेकंद कान थोडा बधिर असतो. आघाताआधीच्या आवाजावर पडणारे आच्छादन मात्र दोन-चार मिलिसेकंदांपुरतेच असते. म्हणून बोलाच्या आधी त्याचीच एक फुसकी सावली ऐकू येते आणि ‘ना’ची धार बोथट होते. तंत्रज्ञ याला पूर्वप्रतिध्वनी म्हणतात. उपाय म्हणून आघात ओळखून तुकडा अर्धा, म्हणजे २५६ नमुन्यांचा करतात. पण लहान तुकड्यात कंप्रता नीट वेगळ्या करता येत नाहीत आणि तेवढ्याच दर्जासाठी जास्त बिट लागतात.

या पद्धतीची खरी कसोटी म्हणजे टाळ्या. त्यात एक सलग स्वर नसतो, नुसते हजारो आघात एकमेकांवर कोसळत असतात. प्रत्येक तुकडा आघाताचाच असतो आणि जास्तीचे बिट आणायचे कोठून, हा प्रश्न सुटत नाही. मैफलीच्या डीव्हीडीवर टाळ्यांचा कडकडाट कधी कधी तेलात काहीतरी तडतडत असल्यासारखा ऐकू येतो तो यामुळे.

ब्लू-रेवर ही ओढाताण उरत नाही. तेथे चित्र आणि ध्वनीला मिळून ४८ मेगाबिट उपलब्ध असतात आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओसारख्या पद्धतीला एकटीला २४.५ मेगाबिटांपर्यंत जाता येते. ही पद्धत काहीच टाकत नाही. मागच्या काही नमुन्यांवरून पुढचा नमुना किती असेल याचे भाकीत करायचे आणि खरा नमुना त्या भाकितापासून किती चुकला तेवढाच फरक लिहायचा, असे तिचे तत्त्व आहे. स्थिर स्वरात भाकीत बरोबर येते, फरक लहान निघतो आणि जागा वाचते. टाळ्यांत भाकीत सपशेल चुकते. तेव्हा फरकाचे आकडे फुगतात, पण ते जसेच्या तसे लिहिण्यापुरती जागा असल्याने मूळचा प्रत्येक बिट परत मिळतो.

इतके खरे असले, तरी वेष्टनावर छापलेला प्रत्येक मोठा आकडा कानाला फरक देतोच असे नाही. २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात उच्च प्रतीचा ध्वनी मध्येच साध्या सीडीच्या दर्जावर उतरवला गेला, तेव्हा ऐकणाऱ्यांना तो बदल खात्रीने ओळखता आला नाही. त्यामुळे १९२ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १,९२,००० नमुन्यांच्या, जाहिरातीला भुलण्याचे कारण नाही, आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या एचडीएमआय केबलमधून त्याच बिटांना अधिक ‘ऊब’ येते असे सांगणाऱ्या दुकानदाराला हात जोडावेत हे बरे. ऐकू येणारा लाभ गाळलेली माहिती परत मिळण्यात आहे आणि मूळ चोवीस ट्रॅक पुन्हा उघडून केलेल्या नव्या मिश्रणात आहे. दुसरा कित्येकदा पहिल्याहून मोठा असतो.

म्हणूनच विकत घेण्याआधी पाहायचे ते आवाज कोणत्या फितीवरून घेतला आहे ते. वेष्टनावर मल्टिट्रॅक फितींवरून नवे मिश्रण केल्याचा उल्लेख असेल, तर चित्राकडे काणाडोळा करायला हरकत नाही. पण मूळ फिती हरवून एखादी घरगुती व्हीएचएस प्रतच शिल्लक असेल, तर गोष्ट वेगळी. पाल पद्धतीच्या व्हीएचएसची फीत सेकंदाला केवळ २.३४ सेंटीमीटर सरकते, साध्या ऑडिओ कॅसेटच्याही निम्म्या वेगाने, आणि तिच्या कडेच्या चिंचोळ्या पट्टीवर नोंदलेला साधा आवाज २४.५ मेगाबिटांत भरला, तरी जपली जाईल ती त्या पट्टीची सूं सूंच.