व्हिक्टोरियन जनगणनेतून पूर्वजांचं घर कसं शोधायचं?

खापरपणजोबा इंग्लंड किंवा वेल्समधले असतील, तर त्यांचं अख्खं घर एका पानावर सापडू शकतं. 1841 ते 1901 या सातही जनगणनांच्या नोंदी खुल्या आहेत. पात्रतेची अट नाही आणि नातंही सिद्ध करावं लागत नाही. ही पानं शंभर वर्षं बंद ठेवतात. ती मुदत केव्हाच उलटली.

कागदपत्रं जोडायची नसली तरी पूर्ण नाव, जन्मसालाचा अंदाज आणि गाव किंवा काउंटी (म्हणजे जिल्हा) हाताशी हवी. जन्माचा किंवा लग्नाचा दाखला नसेल, तर जुलै 1837 पासूनचे दाखले जनरल रजिस्टर ऑफिस या जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीच्या सरकारी कार्यालयाकडून शुल्क भरून ऑनलाइन मागवता येतात. स्कॉटलंडसाठी ‘स्कॉटलंड्सपीपल’ ही वेगळी साइट आहे.

सुरुवात 1881 पासून करा. त्या जनगणनेतल्या नावांची सूची ‘फॅमिलीसर्च’ या साइटवर खातं उघडलं की मोफत मिळते. मूळ पानांच्या प्रतिमा ‘अॅन्सेस्ट्री’ आणि ‘फाइंडमायपास्ट’ या साइटवर पैसे भरून दिसतात; लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्ज या सरकारी अभिलेखागारात त्या फुकट पाहता येतात.

आणि कळकळीनं सांगते, सूचीवर थांबू नका, पान उघडाच. प्रगणकानं घरोघरचे फॉर्म गोळा करून वहीत उतरवले, त्यावरून पुढे सूची झाली. दोन्ही वेळा नावं बिघडली. पानावर एक तिरपी रेघ दिसली की कुटुंब संपलं, दोन दिसल्या की इमारत संपली. 1851 पासून कुटुंबप्रमुखाशी नातं, वय, धंदा, जन्मगाव असे रकाने आहेत. बारा वर्षांच्या पोरापुढे ‘सन-इन-लॉ’ (आजच्या अर्थानं जावई) दिसलं तर दचकू नका, तेव्हा सावत्र मुलालाही तसंच म्हणत. म्हणजे आईचं हे बहुधा दुसरं लग्न, आणि पोराचं आडनाव वेगळं असू शकतं! 1841 मध्ये पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणायची सूचना होती. 45 लिहिलेला माणूस 49 चाही असेल.

जन्मस्थळात ‘बॉम्बे’ किंवा ‘ईस्ट इंडीज’ आलं, तर पुढचा माग ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या (भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनमधल्या खात्याच्या) बाप्तिस्मा-नोंदींत काढा. भारतातल्या जनगणनेत तो लागणार नाही. तिथली घरोघरची पानं जपली गेली नाहीत, फक्त आकडेवारीचे तक्ते उरले.

घर सापडलं की संदर्भ क्रमांक लगेच टिपा. 1881 चा ‘आरजी 11’ने सुरू होतो; पुढे पीस (दप्तराचा क्रमांक), फोलिओ (कागदाचा क्रमांक) आणि पान.