ड्रिपरभोवतीची पांढरी कड

ठिबक लावलं की जमीन क्षारपड होत नाही, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी एकदा ड्रिपरपाशी, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोटीपाशी, वाकून बघावं. पाऊस नसेल तर ओल्या गोलाच्या कडेला हळूहळू पांढुरकी किनार धरते. ते क्षार पाण्यातूनच आलेले असतात.

लिटरला 320 मिलिग्रॅम क्षार असलेलं पाणी आपण बिनतक्रार पितो. पण तेच पाणी हंगामभरात एकूण एक मीटर दिलं, तर हेक्टरला एक कोटी लिटर पाणी होतं आणि त्यातून 3.2 टन क्षार रानात उतरतात. पीक पाणी घेतं, क्षार बहुतेक बाहेरच ठेवतं. उन्हाने उडतं तेही निव्वळ पाणी.

हे क्षार पाण्याबरोबर चालतात आणि पाणी जिथे उडून जातं तिथे बसतात. मला यातली सगळी गंमत इथेच वाटते. वातीत तेल चढावं तसं मातीच्या बारीक पोकळ्यांतून पाणी वर चढतं, म्हणजे केशाकर्षण. सरीत, म्हणजे दोन वरंब्यांमधल्या चरात, सोडलेलं पाणी दोन्हीकडून वरंब्यात (मातीच्या उंचवट्यात) शिरतं, वर चढतं आणि माथ्यावर वाळतं. म्हणजे सगळ्यात खारी जागा वरंब्याचा माथा, नेमकी जिथे आपण बी टोकतो! उगवतं रोप तर बहुतेक पिकांत मिठाला सगळ्यात हळवं. तेच बी वरंब्याच्या बगलेला लावलं तर वाचतं. एकाआड एक सरी भिजवली, तर क्षार माथा ओलांडून कोरड्या बाजूला सरकतात.

ठिबकाखाली मुळांजवळ माती गोडी राहते, क्षार ओलाव्याच्या कडेला जातात. धोका येतो पावसाच्या हलक्या सरीने. कडेचं मीठ विरघळतं आणि परत मुळांपाशी येतं. म्हणून रिमझिम चालू असताना ठिबकही चालू ठेवायचं. बघणारे हसले तरी. तुषार सिंचनाचा त्रास वेगळा: भर उन्हात पानावरचं पाणी उडतं, मीठ पानावरच राहतं. खारं पाणी असेल तर तुषार रात्री चालवावेत.

साचलेलं मीठ घालवायला गरजेपेक्षा थोडं जादा पाणी मुळांखाली उतरवावं लागतं. किती, त्याचं सूत्र आहे (क्षार जितके जास्त तितकी विद्युतवाहकता जास्त, म्हणून मोजतात तीच): पाण्याची विद्युतवाहकता भागिले (पिकाला सोसणाऱ्या मातीच्या वाहकतेची पाचपट उणे पाण्याची वाहकता). पाणी 1, पीक 2 डेसिसायमन प्रति मीटर, तर 1 भागिले 9, म्हणजे सुमारे 11 टक्के. मात्र निचरा नसेल तर हेच जादा पाणी भूजल वर आणतं आणि मग मातीच्या वातीतून खालचं पाणीही क्षार घेऊन वर चढतं. पाणी एकदम तुंबवण्यापेक्षा थांबून थांबून दिलं, तर कमी पाण्यात जास्त मीठ धुतलं जातं.

पाइपला चुंबक बांधून पाणी ‘गोडं’ करणाऱ्यांना एवढंच विचारावं, की गेलेलं मीठ गेलं कुठे? जिप्समही सरसकट औषध नव्हे. चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेल्या, जमिनीत ते सोडियमला हुसकावतं. नुसत्या खारवट जमिनीत ते आणखी एक क्षार.

माती तपासायला देताना माथा, बगल आणि सरीतळ यांचे नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत भरा. एकत्र कालवले तर अहवालात सरासरी येते, आणि सरासरीत वरंब्याचा माथा दिसत नाही.