बघता बघता शस्त्रक्रिया

जिवंत माणसाच्या जठरात डोकावायचे, तर ताठ धातूची नळी घशाखाली उतरवून घेणार कोण? १८६८ साली जर्मन डॉक्टर अडॉल्फ कुसमाऊल यांनी त्यासाठी तलवार गिळणारा एक कलाकार गाठला. नळी आत गेली, पण उजेड इतका अपुरा की फारसे काही दिसलेच नाही. पुढे १९५७ मध्ये बेसिल हिर्शोविट्झ यांनी काचतंतूंची लवचिक दुर्बीण आणली. आता तर या दुर्बिणीच्या, म्हणजे एंडोस्कोपच्या, टोकाशी चिमुकला कॅमेराच असतो.

अन्ननलिका आणि जठर पाहणारी गॅस्ट्रोस्कोपी, श्वासनलिकेत उतरणारी ब्रॉन्कोस्कोपी, मूत्राशयात जाणारी सिस्टोस्कोपी. नावे वेगळी, तत्त्व एकच. माझ्या मते या दुर्बिणीची खरी करामत कॅमेऱ्यात नाही, त्याच्या शेजारून जाणाऱ्या पोकळ वाहिनीत आहे. तिच्यातून चिमटा, सुई किंवा तारेचा फास आत सरकवता येतो. कोलोनोस्कोपी करताना मोठ्या आतड्यात पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेली गाठ, दिसली तर बहुतेकदा ती फासात पकडून तिथल्या तिथे कापतात. काही पॉलिपचा पुढे कर्करोग होतो, पण त्याला सहसा वर्षानुवर्षे लागतात. तेवढ्या काळात गाठ काढली की पुढचा धोका टळतो. ईआरसीपीत, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून केलेल्या पित्तनलिकेच्या तपासणीत, तिथे अडकलेला खडाही याच वाहिनीतून सरकवलेल्या अवजाराने नलिकेबाहेर ओढतात. एमआरआय कितीही सुस्पष्ट असो, त्याला हात नाहीत!

पित्ताशय किंवा अपेंडिक्स काढायला मात्र अशी आयती वाट नसते. तिथे लॅपरोस्कोपी. पोटावर छोटे छेद घेऊन त्यांतून दुर्बीण आणि अवजारे घालतात. पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, म्हणजे आत काम करायला जागा होते. हाच वायू का? तो पेट घेत नाही, त्यामुळे विजेच्या उपकरणाने ऊती कापता येतात. शिवाय रक्तात विरघळून श्वासावाटे निघून जातो. अशा रीतीने अपेंडिक्स पहिल्यांदा काढले ते १९८० साली कुर्ट झेम या स्त्रीरोगतज्ज्ञाने, आणि त्याबद्दल शल्यचिकित्सकांची भरपूर टीकाही सोसली.

लहान आतड्याचा मधला लांबलचक भाग नेहमीच्या दुर्बिणींच्या टप्प्यात येत नाही. तिथे कॅमेरा असलेली, गिळायची कॅप्सूल कामी येते. आतड्याच्या हालचालीबरोबर ती पुढे सरकते आणि फोटो बाहेरच्या यंत्राकडे पाठवत राहते. भूल नाही, नळी नाही. पण आतडे कुठे आक्रसलेले असेल तर ती अडकू शकते, म्हणून डॉक्टर आधी तशा तक्रारींची चौकशी करतात. शिवाय तिला बायोप्सीसाठी, म्हणजे तपासून पाहायला, ऊतीचा तुकडा घेता येत नाही. संशयास्पद काही दिसलेच, तर खास लांब नळीची दुर्बीण घालावी लागते.